होकार कशाला होता?

१८९०च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात एका हलक्याफुलक्या संगीतिकेचे प्रयोग चालू होते. त्यातली गायिका मॅरियन मनोला हिला भूमिकेपायी अंगाला घट्ट बसणाऱ्या तंग विजारीत रंगमंचावर यावं लागे. बायकांचे झगे घोट्यापर्यंत लोळण्याचा तो काळ. नटीच्या पायांचा आकार दिसतो, एवढ्यावरही तिकिटं खपत. कंपनीचा मॅनेजर स्टीव्हन्स याने मायर्स नावाच्या फोटोग्राफरला हाताशी धरलं. प्रेक्षागृहातल्या एका बॉक्समधून, मनोलाला न विचारता, ऐन प्रयोगात फ्लॅशचा झगझगीत उजेड पाडून तिचा त्या पोशाखातला फोटो काढण्यात आला.

मनोला कोर्टात गेली. कोर्टाने फोटो वापरायला तात्पुरती मनाई केली आणि समोरच्यांना म्हणणं मांडायला तारीख दिली. त्या तारखेला कुणी फिरकलंच नाही. खटला तिथेच संपला, पण त्याच्या पोटातला पेच काही संपला नाही. जी बाई त्याच पोशाखात रोज संध्याकाळी शेकडो लोकांसमोर उभी राहते, तिची फोटोला हरकत का? ‘फोटो तुम्हीच पाठवला होता ना?’ हा तक्रारदार बाईला आज विचारला जाणारा प्रश्न त्याच कुळातला. मनोलाच्या दाव्यात त्याचं उत्तर होतं. तिचा होकार रंगमंचापुरता होता.

त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये बॉस्टनच्या सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख आला. या विषयावरचा पुढचा सगळा कायदेशीर विचार ज्या लेखापासून मोजला जातो तो हाच. त्याच्या तळटिपेत मनोलाचा खटला आहे. लेखकांनी एक साधी गोष्ट बरोबर हेरली होती. जुन्या कॅमेऱ्यासमोर माणसाला बराच वेळ हलायची सोय नसे, त्यामुळे त्याच्या नकळत फोटो निघणं जवळपास अशक्य होतं. होकार जणू यंत्रातच बसवलेला होता. १८८८मध्ये कोडॅकने बटण दाबलं की काम झालं असा हातातला कॅमेरा बाजारात आणला आणि हा होकार यंत्रातून गळून पडला.

त्याआधीची कोर्टं अशा तक्रारींना ओळखीच्या कायद्यांच्या खुंटीला टांगत. १८४९मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी घरगुती हौसेसाठी केलेली कोरीवचित्रं बाहेर फुटली, तेव्हा लंडनच्या कोर्टाने प्रदर्शन रोखलं ते मालमत्ता आणि विश्वासघात या आधारांवर. १८८८मध्ये एका इंग्लिश बाईने हौसेने काढून घेतलेला फोटो फोटोग्राफरने नाताळाचं भेटकार्ड करून दुकानात मांडला. तिथे कोर्टाने करारभंग झाल्याचं म्हटलं. माल कुणाचा, करार काय होता, विश्वास कुणी मोडला, हे सगळं विचारून झालं. फोटोतल्या बाईला काय हवं होतं, हा प्रश्न मात्र आडवळणानेच येत राहिला.

भारतात तर तो फारच उशिरा आला.

मेकॉलेच्या मसुद्यावरून घडलेली भारतीय दंडसंहिता १८६०ची. तिच्या ५०९व्या कलमात स्त्रीच्या खासगीपणात घुसखोरी करणं हा गुन्हा होता. वॉरन-ब्रँडाइसच्या तीस वर्षं आधी ‘खासगीपणा’ आपल्या फौजदारी कायद्यात आलेला होता, ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नसते. पण त्या कलमाची शिक्षा तेव्हा जेमतेम एक वर्षाची आणि पोलिसांच्या लेखी ते शिट्टी मारण्याचं, अचकटविचकट बोलण्याचं कलम. चित्राचा, फोटोचा विषय निघाला की हात जाई तो २९२व्या कलमाकडे, म्हणजे अश्लीलतेकडे. त्या कलमाचा रोख पाहणाऱ्यावर असे. हे चित्र पाहून त्याचं मन चळेल का, एवढंच ते विचारी. चित्रातली व्यक्ती राजीखुशीने उभी आहे की तिच्या मानेवर सुरी आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

याचा अर्थ काय होतो ते नव्वदच्या दशकात, वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने, तीन शहरांत दिसलं.

१९९२मध्ये अजमेरमधली टोळी उघडकीला आली. शाळा-कॉलेजांतल्या मुलींशी ओळख वाढवायची, अत्याचार करताना फोटो काढायचे, मग त्या फोटोंच्या धाकावर त्यांना पुन्हा बोलावायचं आणि मैत्रिणींनाही आणायला लावायचं, अशी ती रीत होती. तो फिल्मचा जमाना. रोल धुवायला लॅबमध्ये द्यावाच लागे. म्हणजे गुन्ह्याचा पुरावा आरोपीच स्वतःच्या हाताने काउंटरवर ठेवून, पावती घेऊन परत येत. लॅबमधून प्रती बाहेर पडल्या आणि शहरभर हातोहात फिरल्या. ‘दैनिक नवज्योति’ने बातमी छापल्यावर गावात मोर्चे निघाले, बंद झाला. पण जे फोटो फिरत होते ते फिरतच राहिले. ज्यांनी ते चघळले, पुढे सरकवले, काहींनी त्यांच्याच जोरावर मुलींना नव्याने गाठलं, त्यांच्यातले कितीतरी कुठल्याच आरोपपत्रात नव्हते. १९९८मध्ये आठ जणांना जन्मठेप झाली, त्यातले चौघे २००१मध्ये उच्च न्यायालयात सुटले, उरलेल्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवर आणली. आणखी सहा आरोपींना अजमेरच्या विशेष न्यायालयाने जन्मठेप ठोठावली ती २० ऑगस्ट २०२४ला. पहिल्या बातमीला तोवर बत्तीस वर्षं झाली होती. साक्षीला बोलावलेल्या मुलींतल्या काहींना एव्हाना नातवंडं झाली होती.

१९९४मध्ये महाराष्ट्र हादरला तो जळगावने. इथेही तेच. मुलींना जाळ्यात ओढणं, फोटो आणि चित्रीकरण, आणि मग त्या धाकावर लैंगिक शोषण. आरोपींत राजकीय वजन असलेली माणसं होती. विधिमंडळात गदारोळ झाला, वर्तमानपत्रं महिनोन्‌महिने भरून वाहिली. तपासात नाव झालं ते मीरा बोरवणकर या तरुण पोलीस अधिकाऱ्याचं. पण तपास करणाऱ्यांपुढची खरी भिंत वेगळीच होती. गावात शेकड्यांनी आकडे बोलले जात असताना फिर्याद द्यायला तयार झालेल्या मुली मोजक्याच निघाल्या. जी पुढे येईल तिचं लग्न मोडणार, बहिणींची स्थळं परत जाणार, आणि तिचा फोटो कोर्टात हाताहातांतून फिरणार. खटले पुरावा आणि साक्षीअभावी ढासळत गेले. जळगावच्या मुलींशी लग्न नको, असं तेव्हा बाहेरगावी लोक उघडपणे बोलत. शिक्षा गावातल्या सगळ्याच मुलींना झाली होती.

तिसरं शहर मुंबई. १९९५मध्ये बुटांची एक जाहिरात आली. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण अंगावर कपड्याचा धागा नसलेले, पायांत बूट, दोघांभोवती अजगराचा विळखा. फोटो प्रबुद्ध दासगुप्तांचा. दोघं मॉडेल सज्ञान, नामवंत आणि पूर्ण राजीखुशीने कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेले. मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने गुन्हा नोंदवला. अश्लीलता झाली, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६चा कायदा झाला, अजगरामुळे वन्यजीव संरक्षण कायदाही मागे लागला. खटला चौदा वर्षं चालला आणि २००९मध्ये सगळे निर्दोष सुटले.

जळगाव आणि ही जाहिरात शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. राज्य एकच, दंडसंहिता एकच, मध्ये जेमतेम एक वर्ष. जिथे कुणाचीच तक्रार नव्हती तिथे फोटोसाठी कलमांची रांग लागली. जिथे फोटो हेच हत्यार होतं तिथे त्या फोटोसाठी स्वतंत्र कलमच नव्हतं. बलात्काराचा गुन्हा होता, खंडणीचा होता, धमकीचा होता. पण ‘माझ्या मर्जीविरुद्ध माझा फोटो दाखवला’ हे वाक्य फिर्यादीत लिहिलं तर त्याच्यापुढे आकडा कुठला घालायचा, हे ठाणे अंमलदाराला सांगता आलं नसतं.

मग इंटरनेट आलं, आणि कायदा करणाऱ्यांनी जुनाच साचा नव्या मातीत दाबला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं ६७वं कलम हे २९२चंच इलेक्ट्रॉनिक भावंड होतं. त्याची परीक्षा चारच वर्षांत झाली. कॅमेऱ्याचे फोन नुकते हातात आले होते आणि ‘एमएमएस’ हा शब्द घराघरात कुजबुजीच्या सुरात शिरला होता. दिल्लीतल्या एका शाळकरी मुलगा-मुलीची खासगी क्लिप नोव्हेंबर २००४मध्ये ‘बाझी डॉट कॉम’ या लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीला लागली. लावणारा खरगपूरच्या आयआयटीचा विद्यार्थी, किंमत १२५ रुपये, खाली उतरवेपर्यंत आठ गिऱ्हाइकं. डिसेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली आणि देशभर चर्चा पेटली ती संकेतस्थळाची जबाबदारी किती, या मुद्द्यावर. उद्योगजगत बजाज यांच्या बाजूने उभं राहिलं, अमेरिकी सरकारनेही चिंता व्यक्त केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, त्यावर २०१२ आणि २०१६मध्ये निकाल आले आणि ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवले जातात. त्या निकालांत कंपनीचा संचालक केव्हा आरोपी होतो आणि दोन कायद्यांपैकी कुठला लागू होतो याचा बारीक कीस आहे. मुलीच्या संमतीचा प्रश्न त्यात कुठेच नाही. कायद्याने तो विचारलाच नव्हता, तर न्यायाधीश तरी कुठून काढणार?

‘संमतीशिवाय’ हा शब्द अखेर आला २००८च्या दुरुस्तीत. मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. संसदेने डिसेंबरात, फारशी चर्चा न करता, माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती गोंधळात मंजूर केली. तिच्यात ६६ई हे कलम होतं: कुणाच्याही खासगी अवयवांचं चित्र त्या व्यक्तीच्या संमतीविना टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं गुन्हा. त्याची शब्दरचना अमेरिकेच्या २००४च्या एका कायद्याशी जवळजवळ शब्दशः जुळते. कलमात ‘व्यक्ती’ म्हटलं आहे, त्यामुळे पुरुषांनाही ते लागू होतं. २७ ऑक्टोबर २००९पासून ते अमलात आलं.

पण त्याच दुरुस्तीत ६७एही होतं, लैंगिक कृतीचं उघड चित्रण पसरवण्याबद्दलचं. त्यात संमतीचा संबंध नाही. आता शिक्षांकडे पाहा. ६६ईला जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा दोन लाख रुपये दंड. ६७एला पहिल्याच खेपेला पाच वर्षं आणि दहा लाख. म्हणजे बाईच्या नकाराचा मान राखला नाही त्याची किंमत कमी आणि लोकांच्या नजरेला बाधा झाली त्याची जास्त. शिवाय ६७एमध्ये पाठवणारा कोण हे पाहिलं जात नाही, त्यामुळे स्वतःचं चित्रण विश्वासाने जोडीदाराला पाठवणारी बाईही कागदोपत्री त्याच्या कक्षेत येते. तक्रार द्यायला गेलेलीलाच ‘तुमच्यावरही होऊ शकतो गुन्हा’ असं सुनवायची सोय कायद्यानेच करून ठेवली.

बाहेरच्या जगाचं तरी फार बरं चाललं होतं असं नाही. फिलिपीन्सने २०१०मध्ये, एका गाजलेल्या क्लिपकांडानंतर, संमतीविना चित्रण करण्याला आणि ते पसरवण्याला गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत मात्र २०१०पासून हंटर मूर नावाचा इसम लोकांचे नग्न फोटो, त्यांच्या नावागावासकट, आपल्या संकेतस्थळावर टाकत होता आणि त्याबद्दल त्याला हात लावता येत नव्हता. १९९६च्या कायद्याने संकेतस्थळांना दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुरापासून संरक्षण दिलेलं. शार्लट लॉज या आईने मुलीचा फोटो तिथे पाहिल्यावर स्वतःच शोध सुरू केला, इतर पीडितांना फोन केले, एफबीआयपर्यंत पाठपुरावा केला. मूरला २०१५मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली, पण ती ईमेल खाती फोडल्याबद्दल. फोटो दाखवल्याबद्दल नव्हे. कॅलिफोर्नियाने २०१३मध्ये कायदा केला तेव्हा त्यातून सेल्फी वगळली होती. स्वतःच काढलेल्या फोटोची तक्रार कसली, असा विचार. वर्षभरात ती चूक सुधारावी लागली. त्या मधल्या काळात अमेरिकी वकिलांनी एक नामी युक्ती शोधली होती. सेल्फी काढणारी व्यक्तीच त्या छायाचित्राची कर्ती, म्हणजे कॉपीराइट तिचा. अब्रूच्या नावाने जे संकेतस्थळ ढिम्म हलत नसे, ते पायरसीच्या नोटिशीने फोटो उतरवी. इंग्लंडने २०१५मध्ये गुन्हा ठरवला, पण समोरच्याला त्रास देण्याचा हेतू सिद्ध करायची अट घातली. ‘मी तर मित्रांना गंमत म्हणून दाखवला’ म्हणणाऱ्याला पळवाट मिळाली. ती बुजवायला जानेवारी २०२४ उजाडला.

या सगळ्यात भारताने एक गोष्ट अनेकांच्या आधी आणि नेमकी केली, हे मान्य करायला हवं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांची समिती बसली. तिने महिन्याभरात, सुमारे ८० हजार सूचना चाळून, २३ जानेवारी २०१३ला अहवाल दिला. त्यातून दंडसंहितेत ३५४सी आलं. खासगी कृतीत असलेल्या स्त्रीला चोरून पाहणं किंवा तिचं चित्र टिपणं, पसरवणं याबद्दलचं हे कलम. खरी मेख त्याच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात आहे. स्त्रीने चित्र टिपायला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, आणि तरी ते पसरवलं, तर तो गुन्हाच. मनोलाने ब्रॉडवेवर जो भेद केला होता तो भारतीय फौजदारी कायद्यात एका वाक्यात मावला, आणि तोही हेतूची अट न घालता. मुलीने मुलाला लिहिलेल्या हजार गोड मेसेजांचे स्क्रीनशॉट वकिलाने आणले तरी या वाक्यापुढे ते निरुपयोगी ठरतात.

शिक्षा पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं, आणि गुन्हा जामीनपात्र. एप्रिल २०१५मध्ये गोव्यात कांदोळीच्या एका कपड्याच्या दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना ट्रायल रूमच्या दिशेने रोखलेला कॅमेरा दिसला, तेव्हा हे कलम देशभर माहीत झालं. प्रकरण मंत्र्याचं असल्यामुळे पोलीस तडक आले. कर्मचाऱ्यांना अटक झाली आणि जामीनही लगोलग झाला. जामीन मिळालेला माणूस घरी जातो, आणि घरी त्याचा दुसरा फोन असतो, क्लाउडवर दुसरी प्रत असते. सामान्य फिर्यादीला रात्री झोप लागत नाही ती याच भीतीने.

खासगी चित्र पसरवल्याबद्दलचा निकाल पाहायला आणखी तीन वर्षं गेली. मार्च २०१८मध्ये पश्चिम बंगालमधल्या पूर्व मेदिनीपूरच्या तमलुक इथल्या न्यायालयाने एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पाच वर्षांची कैद आणि नऊ हजार रुपये दंड सुनावला. संबंध तोडलेल्या मुलीची खासगी क्लिप त्याने पॉर्न संकेतस्थळावर टाकली होती. देशातली या प्रकारची पहिली शिक्षा म्हणून हा खटला ओळखला जातो. न्यायाधीशांनी आणखी एक पाऊल टाकलं. बलात्कारपीडितेला मिळते तशी भरपाई या मुलीला द्यावी, असं त्यांनी राज्य सरकारला सांगितलं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोर्टाने हे लिहिलं, याचं मोल दिल्लीच्या मोठमोठ्या निकालांपेक्षा कमी नाही.

शिक्षा झाली, पण क्लिप? इथून पुढचा इतिहास पुसण्याचा आहे. अजमेरमध्ये निगेटिव्ह जप्त करून जाळता तरी आली असती. नोव्हेंबर २०२०मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. पाणिग्रही यांनी जामीन नाकारताना लिहिलं की आरोपीला शिक्षा देण्याची तरतूद आहे, पण पीडितेला सर्व्हरवरून आपली चित्रं कायमची काढून घेण्याचा हक्क देणारं काही नाही. फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी, व्यक्तीने तक्रार केल्यापासून चोवीस तासांत असं चित्र उतरवण्याचं बंधन समाजमाध्यमांवर घातलं. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२३मध्ये सर्च इंजिनांनाही त्यात ओढलं. आपण नुसते वाट दाखवणारे, हा त्यांचा पवित्रा न्यायालयाला पटला नाही. २०२१च्या अखेरीस सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय सेवेत तर पीडितेला फोटो कुणाला दाखवावाही लागत नाही. तिच्या फोनवरच त्या चित्राचा आकडेरूपी ठसा तयार होतो, फक्त ठसा कंपन्यांकडे जातो आणि तसं चित्र आलं की ते अडवलं जातं. पोलीस, वकील, कारकून, सगळ्यांच्या हातांतून फोटो फिरण्याची जळगावच्या मुलींची भीती निदान एका टप्प्यावर तरी इथे टळते. केंद्र सरकारच्या सायबर तक्रारींच्या पोर्टलवरही स्त्रिया आणि मुलांविषयीची अशी तक्रार नाव न देता नोंदवता येते.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२१मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं तेव्हा ऑनलाइन छळासाठी स्वतंत्र तरतूद केली होती. राष्ट्रपतींची मोहोर काही उमटली नाही. १ जुलै २०२४पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ३५४सी आता ७७वं कलम आहे. आरोपी पूर्वी पुरुषच असू शकत होता, आता कुणीही असू शकतो. पीडित मात्र अजूनही फक्त स्त्री. ब्लॅकमेलच्या जाळ्यात सापडलेल्या तरुण मुलांच्या तक्रारी ठाण्यात वाढत असताना त्यांच्यासाठी संमतीवर उभं असलेलं कलम म्हणजे ६६ई एवढंच उरतं.

त्याआधीच, नोव्हेंबर २०२३मध्ये, अभिनेत्री रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच तरुणीच्या देहावर बसवलेली क्लिप देशभर फिरली. आंध्रातून एका तरुणाला पुढच्या जानेवारीत अटक झाली. इथे ७७वं कलम अडखळतं. त्याला ‘खासगी कृतीत असलेली स्त्री’ लागते, आणि अशा बनावट चित्रातली ती कृती कधी घडलेलीच नसते. कॅमेरा नव्हता, खोली नव्हती, टिपायला संमती देण्याचा प्रसंगच आला नाही. मग पोलीस ओळखचोरीचं कलम लावतात, बदनामीचं लावतात, आणि चित्र नग्न असेल तर हात पुन्हा ६७व्या कलमाकडे जातो. म्हणजे चित्र अश्लील आहे का, हाच प्रश्न पुन्हा पहिला येतो. डेन्मार्कच्या सरकारने २०२५मध्ये यावर वेगळीच वाट सुचवली: प्रत्येकाला आपल्या चेहऱ्यावर, आवाजावर आणि शरीराच्या ठेवणीवर कॉपीराइटसारखा हक्क द्यायचा.